नेपाळीबाबाचा दाखला

ठाण्याला काकांच्या घराचं दार उघडलं की चपलांच्या स्टँडशेजारी एक लाकडी माणूस उभा दिसायचा. दोन फुटांना जरा कमी, काळाकुट्ट, हात जोडलेला. घरात त्याला सगळे नेपाळीबाबा म्हणत. पावसाळ्यात त्याच्या डोक्याला छत्र्या टेकवलेल्या असत, मुलं त्याच्या गळ्यात रुमाल बांधत, आणि दसऱ्याला काकू त्याच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवायची.

या नेपाळीबाबाचा सरकारी दाखला मिळवायला मला चौदा महिने लागले. तुमच्याही घरात पहाडातून आणलेली एखादी मूर्ती किंवा मुखवटा असेल आणि तिचं काय करायचं ते सुचत नसेल, तर निदान कुठे ठेच लागते ते कळावं म्हणून लिहिते आहे. मी वकील नाही, कलेची अभ्यासक तर नाहीच. बँकेत सव्वीस वर्षं काढली, त्यामुळे फॉर्मची भीती वाटत नाही, एवढीच माझी पुंजी.

काका पूल बांधणारे इंजिनीअर. नेपाळच्या पूर्व-पश्चिम महामार्गावर कोहलपूर ते महाकाली या टप्प्यात भारताच्या मदतीने २२ पूल बांधले गेले, त्या कामावर ते १९९७ ते १९९९ होते. परत आले ते खांद्याला दुखणं, एक घोंगडी आणि हा बाबा घेऊन. मार्च २०२३ मध्ये काका गेले. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर इमारत पुनर्विकासाला गेली आणि डिसेंबरात काकूला जवळच भाड्याच्या घरात हलवलं. सामानाची वाटणी सुरू झाली तेव्हा न्यू जर्सीच्या ताईचा, म्हणजे काकांच्या मुलीचा, फोन आला. "मला बाकी काही नको. काकांचा तो नेपाळी तेवढा पाठव."

मला वाटलं, दोन दिवसांचं काम.

सामान चढवायच्या दिवशी बाबाला मी स्वतः कडेवर घेऊन लिफ्टकडे निघाले होते. नव्या सोसायटीचे वॉचमन समोरून आले, थबकले, चपला काढल्या आणि टोपी काढून हातात घेतली. "ये आपके पास कैसे आया, मॅडम?" सोसायटीत त्यांना सगळे 'बहादूर' म्हणतात. त्यांचं नाव अर्थातच वेगळं आहे, इथे देत नाही. मी दाजू म्हणते, नेपाळीत दादा. दाजू पश्चिम नेपाळातल्या दैलेख जिल्ह्याचे. मुंबई-ठाण्याच्या फाटकांवर त्या बाजूची माणसं पिढ्यान्पिढ्या आहेत, दाजूंचे वडीलही भायखळ्याला वॉचमन होते. ते म्हणाले, असे लाकडी लोक आमच्याकडे देवाच्या थानाशी, पाण्याच्या नाउल्याशी म्हणजे झऱ्याच्या बांधीव कुंडाशी, लाकडी पुलाच्या तोंडाशी उभे असतात.

पुलाच्या तोंडाशी हे ऐकून काकू एकदम गप्प झाली. काका पुलांचे. काकांना हे माहीत होतं का, कोण जाणे.

त्या रात्री काकांची डायरी काढली. १४ फेब्रुवारी १९९८ च्या पानावर एवढंच: "नेपालगंज. लाकडी बाहुला. १४०० भा. रु. महाग." दुकान नाही, गाव नाही, पावती नाही. पुढच्या ओळीत सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब.

इथेच मी पहिली घोडचूक केली. पाठवायची वस्तू स्वच्छ असावी म्हणून ओल्या फडक्याने बाबाला पुसायला घेतलं. फडकं काळं झालं, मला आनंद झाला, आणखी जोरात पुसलं. डाव्या खांद्यावरचा भाग तपकिरी निघाला. तो काळेपणा म्हणजे मळ नव्हता. चुलीचा धूर, तूप, हातांचा घाम असं वर्षानुवर्षं साचलेलं कवच होतं ते, आणि वस्तूचं वय पाहणारा माणूस सगळ्यात आधी तेच पाहतो. तुम्ही काहीही करा, पण पुसू नका. तेल नको, पॉलिश नको, पेस्ट कंट्रोलवाल्याचा फवारा तर अजिबात नको.

कुरिअरवाल्याने बाबाला एकदा पाहिलं आणि हात झटकले. जुनी दिसणारी मूर्ती देशाबाहेर पाठवायची तर ती पुरावस्तू नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला लागतो, तो आणा. मग शेजारच्या वकीलकाकांनी कायदा समजावून दिला. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, अंमल ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, चित्र, कोरीवकाम म्हणजे पुरावस्तू. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशी वस्तू घरात बाळगायला बंदी नाही, पण देशाबाहेर ती केंद्र सरकारलाच किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेलाच नेता येते. खाजगी माणसाने नेली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. वस्तू भारतातच घडलेली असावी अशी अट व्याख्येत नाही. नेपाळातला बाबाही त्यात आला.

म्हणजे कोडं असं: बाबा खरोखर जुना असेल तर ताईकडे जाऊ शकत नाही. जाऊ शकत असेल, तर तो जुना नाही. ताई फोनवर म्हणाली, "नवाच असू दे गं. काकांनी महाग लिहिलंय म्हणजे फसलेच असतील." (वडिलांना ती लहानपणापासून काकाच म्हणते, आमचं एकत्र कुटुंब.)

अर्ज जानेवारी २०२४ मध्ये केला. तो काकूच्या नावाने, कारण वस्तू वारसाने तिची. धावपळ माझी, म्हणून तिचं अधिकारपत्र माझ्या नावे. सोबत फोटो. फोटोंचं सांगते, कारण पहिल्या खेपेला माझे परत आले. मोबाइलचा फ्लॅश नको, खिडकीचा उजेड घ्या. मागे साधी चादर, शेजारी मोजपट्टी. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून, आणि बुडाचा एक. मोडतोड लपवू नका, उलट तीच जवळून घ्या, कारण उद्या वस्तू हरवली तर तुटक्या कानावरूनच ती ओळखू येते. आमच्या बाबाचं माप: उंची ५८ सेंटिमीटर, वजन ६ किलो ४००, डावा कान अर्धा तुटका.

तपासणीची तारीख यायला महिना लागणार होता. मधल्या वेळात मी बाबाला आमच्या जुन्या सुतारांकडे नेलं. दाखला ते देऊ शकत नव्हते, पण लाकूड त्यांना कळतं. त्यांनी त्याला आडवा निजवला, अंगठ्याने छाती चाचपली, मग बराच वेळ नुसता बुडाकडे बघत बसले. म्हणाले, "हे वाकसाचं काम आहे ताई. आख्खा माणूस वाकसाने तासलाय. पटाशी लागलीय ती फक्त डोळ्यांना आणि बोटांच्या मधे." (वाकस म्हणजे लाकूड तासायचं सुताराचं हत्यार.) मग टॉर्च तिरपा धरून पाठ दाखवली. लाकडाच्या रेषांमधला मऊ भाग झिजून आत गेला होता आणि कडक रेषा शिरांसारख्या वर आल्या होत्या. "हा पावसात उभा होता. पाठ झिजलीय, पोट तेवढं नाही. पाठीमागून पाऊस यायचा." पाय घोट्यापासून खाली नव्हतेच, एक बोथट खुंट होता. "हा जमिनीत गाडलेला भाग. आधी सडला, मग कोणीतरी उपटला, मग वाळला. सडकं आणि कोरडं एकाच जागी दिसतंय."

मग त्यांनी मला ओठ दाखवले. पंचवीस वर्षं रोज बघत होते, पण ओठांच्या उजव्या कोपऱ्यात वाकसाचा एकच तिरका घाव आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. त्या एका घावामुळे तो किंचित हसतो. घाव चुकून लागला की मुद्दाम घातला, हे सुतारांनाही सांगता येईना.

खोटा जुनेपणा कसा आणतात तेही त्यांनीच सांगितलं: काजळी, गाडीचं जळकं ऑइल, बूटपॉलिश, आणि शेणाच्या खड्ड्यात पुरून ठेवणं. खोट्यात काळेपणा सगळीकडे सारखा बसतो, खाचेतही आणि उंचवट्यावरही. खऱ्यात हात लागतो तिथे चकाकी असते, लागत नाही तिथे नसते. हे ऐकताना मला माझं ओलं फडकं आठवत होतं.

त्यांनीच दाखवलं की बाबाखालच्या कागदावर पिवळसर पीठ पडलंय. म्हणजे कीड जिवंत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धनाचं केंद्र आहे हे ऐकून होते, पण मला ओळखीतून एक खाजगी संवर्धक भेटल्या. त्यांनी औषध दिलंच नाही. बाबाला प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचं, हवा काढायची, उणे वीस अंशांत दोन आठवडे ठेवायचं, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस तरी प्लास्टिक उघडायचं नाही, म्हणजे दमटपणा बाहेरच राहतो. घरच्या फ्रीजला तेवढी थंडी जमत नाही. शेवटी आईस्क्रीमची एजन्सी असलेल्या मावसभावाच्या गोदामात, मँगो डॉलींच्या खोक्यांवर, बाबा चौदा दिवस पडून होता. खर्च शून्य. काकू रोज विचारायची, "त्याला थंडी वाजत नसेल ना?" मी म्हटलं, तो हिमालयातला आहे.

पुढारलेल्या भाच्याने कार्बन चाचणीचं सुचवलं होतं. चौकशी केली. गंमत अशी की साधारण १६५० ते १९५० या काळातल्या लाकडाला ही चाचणी नेमकं उत्तर देऊच शकत नाही, उत्तर दोन-तीनशे वर्षांवर पसरतं. १९५५ नंतरचं लाकूड मात्र अणुचाचण्यांमुळे लगेच ओळखू येतं. म्हणजे खोटं पकडायला चाचणी चांगली. आणि कळतं ते झाडाचं वय, कोरल्याचं नव्हे. त्यासाठी लाकडाचा तुकडा द्यावा लागतो. काकू म्हणाली, "त्याला भोक पाडणार? काही नको." विषय संपला.

२० फेब्रुवारीला बाबाला गोधडीत बांधून टॅक्सीने तपासणीला नेलं. मागच्या सीटवर त्याला पट्टा लावला. टोलनाक्यावरच्या माणसाने वाकून पाहिलं, काही बोलला नाही. त्या दिवशी समितीतले एक सदस्य आले नाहीत म्हणून परत पाठवलं. २७ ला पुन्हा. जाण्याआधी फोन करून सगळे येणार आहेत ना हे विचारून घ्या, टॅक्सीचे साडेआठशे वाचतील.

तिघेजण होते. भिंग, टॉर्च, हातमोजे. वीस मिनिटं कोणी बोललं नाही. मग एका बाईंनी विचारलं, "कुंकू कोणी लावलं?" कपाळावरच्या खाचेत पंचवीस दसऱ्यांचं कुंकू घट्ट बसलं होतं. मी म्हटलं, आमच्या काकूने. त्यांनी ते लिहून घेतलं. वय किती असेल असं मी विचारलं, तर त्यांनी सौम्यपणे मान हलवली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. सदर वस्तू शंभर वर्षांहून कमी काळाची आहे असे म्हणता येत नसल्याने दाखला देता येत नाही. वाक्य चारदा वाचलं. ती जुनी आहे असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. नवी नाही असंही नव्हतं. नवी आहे असं म्हणता येत नाही, एवढंच. सरकारी भाषेला नावं ठेवायला आपल्याला आवडतं, पण खरं सांगते, या बाबतीत मी वाचलेलं ते सगळ्यात प्रामाणिक वाक्य होतं. दुकानदार "दोनशे वर्षं जुनी" असं छातीठोक सांगतात तेव्हा मला आता ते पत्र आठवतं.

ताईला सांगितलं. ती आधी गप्प, मग म्हणाली, "तुला ठेवून घ्यायचाय म्हणून तू एवढा घोळ घातलास." तीन आठवडे आमचं बोलणं बंद होतं. हेही या प्रक्रियेतच येतं, म्हणून लिहिलं.

आता दुसरं प्रकरण. लाकडी कोरीव मूर्ती नोंदणी सक्तीच्या प्रकारांत मोडतात. वस्तू ताब्यात आल्यावर थोड्याच दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि आमची मुदत केव्हाच उलटली होती. उशिराबद्दल एका पानाचा खुलासा जोडला: पती वारले, घर बदललं, माहिती नव्हती. खरं तेच लिहिलं, कोणी ओरडलं नाही. सोबत मृत्यूचा दाखला, काकूचं प्रतिज्ञापत्र (तेव्हा १०० रुपयांचा मुद्रांक चालला, ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात तो ५०० चा झाला होता), आणि ताईचं नाहरकतपत्र. ते न्यू जर्सीहून नोटरी होऊन यायला पाच आठवडे लागले. ताईने सही केली, याचा अर्थ राग गेला असा मी लावला.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो: वस्तू कशी मिळाली. मदत करणारे एक गृहस्थ म्हणाले, "पूर्वापार घरात, वारसाहक्काने, एवढंच लिहा. नेपाळ कशाला काढता?" खोटं नव्हतं ते, अर्धं होतं. नेपाळात १९५६ पासून प्राचीन स्मारक संरक्षणाचा कायदा आहे, तिथेही शंभर वर्षांची रेघ आहे, आणि पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय अशी वस्तू बाहेर नेता येत नाही. नेपालगंजला लागून असलेल्या रुपईडिहाच्या उघड्या सीमेवरून काकांनी बाबाला बिछान्यात गुंडाळून जीपमधून आणला होता, काकू हसत हसत सांगायची. काका चोर नव्हते. पण १९७० नंतर पश्चिम नेपाळातल्या अशा लाकडी माणसांना काठमांडूत आणि मग परदेशात गिऱ्हाईक मिळायला लागलं, आणि थानांवरून, पुलांवरून ती निघत गेली. त्या साखळीच्या कुठल्यातरी टोकाला १४०० रुपये आमच्या घरचे होते. दोन रात्री काढल्या आणि रकान्यात लिहिलं: नेपालगंज बाजारात १९९८ साली खरेदी, पावती नाही, मूळ ठिकाण माहीत नाही. डायरीच्या पानाची प्रत जोडली.

जूनमध्ये शंका आली: मूळ ठिकाणाबद्दल आणखी काही माहिती देता येईल का?

दाजू ऑक्टोबरात दशैंसाठी, म्हणजे तिकडच्या दसऱ्यासाठी, घरी जाणार होते. म्हणाले, "सण झाल्यावर या. बा सांगतील." कोजागिरीनंतर दोन दिवसांनी निघाले, तिकडे त्या पौर्णिमेलाच दशैं संपतो. बाबा अर्थात ठाण्यात, माझ्याजवळ मोठे छापलेले फोटो. पुष्पक एक्सप्रेसने लखनौ, तिथून बसने रुपईडिहा, सीमा ओलांडून नेपालगंज. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. मी शंभराच्या नोटा नेल्या होत्या. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा भाव पक्का आहे. नेपालगंजच्या बाजारात मी काकांचं दुकान शोधत एक दुपार घालवली. ब्लँकेटं, स्टीलची भांडी, मोबाइलची कव्हरं. लाकडी माणूस कुठेच नाही.

तिथून सुर्खेत, पुढे दैलेख आणि दुल्लू. दुल्लू एके काळी खस मल्ल राजांची हिवाळ्यातली राजधानी. पृथ्वी मल्लाचा १३५७ सालचा दगडी कीर्तिस्तंभ तिथे अजून आहे. जवळच जमिनीतून निघणाऱ्या वायूच्या ज्योती देवळांत जळत असतात. हे सगळं सांगते ते यासाठी की बाजारात या मूर्तींना सरसकट 'हिमालयातल्या आदिवासी मूर्ती' म्हणतात, मीही अर्जावर आधी तसंच लिहिलं होतं. इथले बहुतेक लोक खस समाजाचे आहेत. राजे, शिलालेख, नेपाळी भाषेचं मूळ, हे सगळं या खोऱ्यांतलं. नंतर मी 'आदिवासी' हा शब्द खोडला.

दाजूंचं गाव दुल्लूपासून जीपने तासभर आणि मग पायी. बा ऐंशीच्या पुढचे. भायखळ्याच्या नोकरीतलं हिंदी जवळजवळ विसरलेले, एक 'साला' तेवढा शिल्लक. त्यांनी मला आधी मष्टोच्या थानाकडे नेलं. बारा भाऊ मष्टो आणि नऊ बहिणी भवानी, या मुलखाचे देव. धामीच्या, म्हणजे तिकडच्या भगताच्या, अंगात येऊन बोलतात. थान म्हणजे दगड-लाकडाची बुटकी खोली, दारावर पितळी घंटांची रांग, तांबड्या-पांढऱ्या कापडाच्या धजा. बायकांना आत जाता येत नाही, मी बाहेर दगडावर बसले. आत मूर्ती नसतेच, दाजू म्हणाले. देव आहे, त्याला रूप नाही. बाहेर मात्र वळचणीखाली एक लाकडी माणूस उभा होता. चेहरा पावसाने पार पुसलेला, नाकाच्या जागी नुसता उंचवटा. हात तेवढे ओळखू येत होते. जोडलेले.

मी फोटो काढून बांच्या हातात दिले. त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरले, मग जवळ, मग उलटे करून मागची कोरी बाजूही पाहिली. "यो द्यौता होइन नानी," ते म्हणाले. "द्यौताका अगाडि हात जोडेर बस्ने हो।"

पंचवीस वर्षं आम्ही त्याला कुंकू लावत होतो, आणि तो देव नव्हताच. तो आपल्यासारखाच, देवासमोर हात जोडणारा. नवस फेडताना किंवा राखणीला कोणी उभा करून जातो. आपल्याकडेही वीर आणि देव वेगळे असतात, तसंच काहीसं असावं.

कुठल्या गावचा, हे बा सांगू शकले नाहीत. कान असे आमच्याकडे कोरत नाहीत, वरचा असेल, जुम्लाकडचा. मग फोटोवर बोट ठेवून त्यांनी एकच विचारलं, "कसले बेच्यो?" कोणी विकला? मी नेपालगंजच्या दुकानाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, त्यांना ते विचारायचं नव्हतं. दुकानदाराला कोणी विकला? गावातल्याच माणसाने की रात्रीच्या चोराने? मला डायरीची एक ओळ सोडून काही माहीत नव्हतं. दाजूंच्या आईने तेवढ्यात भटमासची, म्हणजे सोयाबीनची, वाटी पुढे केली आणि सुटले.

आठ दिवसांचा सगळा खर्च १४,३०० रुपये झाला. परतल्यावर शंकेला उत्तर लिहिलं: शैलीवरून कर्णाली भागातला असावा असे तेथील एका वृद्धाचे मत, गाव निश्चित नाही. त्याच सुमारास काकू म्हणाली, "त्याचं घर तिकडे असेल तर पाठवून देऊ या. ताईलाही पटेल." पटलं, ताई फोनवर रडली पण हो म्हणाली. वकीलकाकांनी पुन्हा कायदा उघडला. परत पाठवणं हीसुद्धा निर्यातच! ती आपण करायची नाही, सरकारने सरकारला करायची. मग फोटो, माप, डायरीचं पान आणि नोंदणी अर्जाची प्रत जोडून एक पत्र काठमांडूच्या पुरातत्त्व विभागाला आणि एक दिल्लीत नेपाळच्या दूतावासाला पाठवलं. पत्र साधं ठेवा, दावा काही करू नका, वस्तू कुठे आहे आणि तुमची काय इच्छा आहे एवढं लिहा. स्पीड पोस्टच्या पोचपावत्या फाईलला आहेत. गाव माहीत असतं तर बरंच सोपं झालं असतं. म्हणून कोणाच्या घरात अशी वस्तू आणणारी व्यक्ती अजून हयात असेल तर आज संध्याकाळी तिच्याशेजारी बसा आणि कुठून, कोणाकडून, केव्हा, हे विचारून लिहून ठेवा.

जानेवारीत एक अधिकारी घरी येऊन बाबा अर्जातल्या जागी आहे ना ते पाहून गेले. काकूने त्यांना पोहे केले. ३ फेब्रुवारी २०२५ ला नोंदणीचा दाखला आला. क्रमांक मूर्तीवर चिकटवायचा नाही, संवर्धकबाईंनी बजावलं होतं; सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधायची, तीही सैल. मालक बदलला तर कळवावं लागतं. पुनर्विकासाच्या नव्या घरात जाताना पत्ता बदलेल तेव्हाही कळवणार आहे. कुंकू आता लावायचं नाही म्हटल्यावर काकूने तोडगा काढला: दसऱ्याला करंडा उघडून त्याच्यासमोर ठेवायचा, बोट लावायचं नाही.

दाखला घेऊन मी खाली गेले, दाजूंना दाखवायला. त्यांनी हात पुसून तो घेतला. इंग्रजी त्यांना अडखळत वाचता येतं. फोटो पाहून हसले, माप वाचलं, तुटका कान वाचला. मग कागद उलटून पाहिला, अगदी बांसारखा.

"मॅडम, इसमें गाँव का नाम किधर है?"

मी ठिकाणाचा रकाना दाखवला. त्यात काकूच्या भाड्याच्या घराचा पत्ता होता. तो त्यांनी पूर्ण वाचला, पिन कोडपर्यंत. फाटकावर कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा कागद माझ्या हातात देऊन ते गेले.